किल्ट घालून कनू वल्हवावी का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मे महिन्याच्या अखेरीस आपण चार मित्रांसह स्कॉटलंडमधील ग्रेट ग्लेन या लांब खोऱ्याच्या मार्गाने, फोर्ट विल्यमजवळून इन्व्हरनेसपर्यंत, कनू (उघडी होडी) आणि कयाक (अरुंद, बहुधा वरून बंद होडी) यांनी जाणार आहात. सोबतच्या स्कॉटिश मित्रांनी सर्वांनी किल्ट, म्हणजे चुण्यांचा स्कॉटिश घागरा, घालूनच वल्हवायचे असे ठरवले आहे. आपल्याकडे लग्नसमारंभासाठी शिवून घेतलेला आठ यार्डांचा लोकरी किल्ट आहे. तो वापरावा का, होडी उलटली तर तो आपल्याला खाली ओढेल का, त्याच्या आत काय घालावे आणि भिजल्यावर त्याचे काय करावे, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी बरीच वर्षे याच भागात कनू आणि कयाक शिकवतो, माझ्या गटांत किल्टचा हट्ट धरणारा कोणीतरी दरवर्षी असतोच, आणि काही वेळा मी स्वतःही तो घालतो. त्यामुळे ‘मुळीच घालू नका’ असे मी सांगणार नाही. उघड्या कनूत, कालव्याच्या संथ पाण्यावर, हलक्या कृत्रिम धाग्याचा किल्ट निओप्रीन या रबरी कापडाच्या तंग पँटवर अवश्य घाला. बंद कयाकमध्ये, वाहत्या नदीत आणि लॉख नेसच्या (लॉख म्हणजे सरोवर) मोकळ्या पाण्यावर तो काढून ठेवा. आणि लग्नातला किल्ट या प्रवासात वल्हवताना वापरू नका.

बहुतेकांना जी भीती वाटते, तीच मुळात चुकीच्या जागी आहे. भिजलेला किल्ट दगडासारखा तळाशी नेतो, असे पुष्कळ जण समजतात. आठ यार्डांच्या जाड लोकरी किल्टचे कोरडे वजन साधारण दोन किलो भरते. लोकरीची घनता पाण्याच्या सुमारे १.३ पट असल्यामुळे पूर्ण बुडालेल्या अवस्थेत त्याचा खाली जाणारा भार अर्ध्या किलोच्या आसपासच उरतो, आणि त्याने शोषलेल्या पाण्याला पाण्यातच असेपर्यंत वेगळे वजन नसते. अंगावरचे साधे बॉयन्सी एड, म्हणजे तरंगवणारे जाकीट, हा भार सहज पेलते. वजनाचा प्रश्न उभा राहतो तो पाण्यातून वर येताना: उलटलेल्या कनूत पुन्हा चढण्यासाठी आपण कठड्यावर पोट टेकवून स्वतःला वर ओढतो, त्या क्षणी चुण्यांमध्ये साठलेले सगळे पाणी एकदम कंबरेला लोंबते, आणि थंडीने हात आधीच बधिर झालेले असतात. जो माणूस कोरड्या सरावात तीन झटक्यांत होडीत चढत होता, तो अशा वेळी अर्ध्यावर अडकतो.

वजनापेक्षा मोठी अडचण घेराची आहे. पाण्यात रोज उतरणाऱ्यांचा पोशाख कसा असतो हे पाहायचे असेल तर आपल्या कोळ्यांचा सुरका आठवावा: कंबरेला घट्ट, मांडीवर आखूड, आणि मागेपुढे लोंबणारे फारसे काहीच नाही. किल्ट याच्या नेमका उलट आहे. तो डोंगरात चालणाऱ्यांचा, ओढे पायी ओलांडणाऱ्यांचा पोशाख आहे, दर्यावर्दींचा नव्हे. पाय खाली करून आपण पाण्यात पडलो की त्याच्या आत हवा अडकते, कापड फुगून वर येते आणि काखेपर्यंत चढते. मग ते बॉयन्सी एडच्या खालच्या बक्कलवर बसते, नेमक्या ज्या बक्कलपर्यंत आपला किंवा सोडवायला आलेल्याचा हात पोहोचायला हवा त्यावर. हवा निघून गेल्यावर चुण्या उलगडतात आणि पायांमध्ये पसरतात. पाठीवर तरंगत, पाय पुढे ठेवून हळूहळू काठाकडे जाणे ही अशा वेळची नेहमीची पद्धत. तीत प्रत्येक लाथेबरोबर ते कापड पाणी धरते आणि वेग जवळपास निम्मा झाल्यासारखा वाटतो. संथ कालव्यात हे केवळ त्रासदायक आहे. वाहत्या नदीत, जिथे पडलेल्या झाडाच्या फांद्यांमधून पाणी निसटते पण माणूस निसटत नाही, तिथे लोंबते कापड जिवावर बेतू शकते. लॉख ऑइखपासून लॉख नेसपर्यंत कालव्याला समांतर ऑइख नदी वाहते आणि काही अनुभवी मंडळी कालवा सोडून तिने जातात. आपल्या मित्रांपैकी कोणाच्या मनात तो विचार आला, तर किल्ट पिशवीत जाईपर्यंत होडी नदीत घालू नका.

आता थंडीविषयी, कारण या सगळ्याच्या मुळाशी तीच आहे. आपल्याकडे अलिबागला किंवा मालवणला अंगावरच्या कपड्यांनिशी समुद्रात शिरण्याची सवय असते आणि तिथल्या कोमट पाण्यात निदान थंडीचा तरी धोका नसतो. ग्रेट ग्लेनमध्ये मे महिन्यात हवा वीस अंशांपर्यंत गेली तरी लॉखचे पाणी साधारण दहा अंशांच्या आसपास असते. लॉख नेस तर खोलवर वर्षभर पाच-सहा अंशांवर स्थिर असतो. पंधरा अंशांखालच्या पाण्यात अचानक पडल्यावर श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, छाती धडधडते आणि पहिले एक-दीड मिनिट माणसाला काही सुचत नाही. त्या वेळात पोहण्याचा प्रयत्न न करता पाठीवर तरंगत राहावे, असा सल्ला ब्रिटनची जीवरक्षक नौका संस्था देते आणि मीही प्रत्येक गटाला हेच सांगतो. किल्टच्या बाबतीत याचा अर्थ असा की पडल्यावर पहिल्या दीड मिनिटात बोटांकडून कोणतेही नाजूक काम होणार नाही असे धरूनच चालावे. पारंपरिक किल्टला तीन चामडी पट्टे असतात: एक डाव्या कंबरेला, चिरेतून बाहेर काढून बक्कलमध्ये घातलेला, आणि दोन उजव्या बाजूला. ओले चामडे फुगून छिद्रात घट्ट बसते. काठावर बसून, कोरड्या हातांनीसुद्धा ते सोडायला वेळ लागतो. पाण्यात, बॉयन्सी एडखाली चाचपडत ते सुटत नाही. म्हणून पाण्यावरचा किल्ट वेल्क्रोचाच असावा, जो एका हिसक्यात निघतो.

बंद कयाकचा विषय मी लांबवत नाही, कारण त्यात दुमत नाही. कयाकच्या बैठकीत कंबरेभोवती स्प्रेडेक, म्हणजे पाणी आत येऊ न देणारे आच्छादन, असतो आणि त्याची लवचीक दोरी बैठकीच्या कडेवर ताणून बसवतात. होडी उलटली की पुढची पट्टी ओढायची, डेक सुटतो आणि आपण बाहेर येतो. किल्टचा काठ त्या कडेखाली अडकला तर डेक एका बाजूने धरून राहतो. शिवाय मागच्या चुण्यांचा जाड थर बसण्याची उंची वाढवतो, आणि अरुंद कयाक बोटभर उंचीनेही डळमळीत होते. ज्यांना कयाकच हवी आहे त्यांनी वर मोकळे बसण्याची, सिट-ऑन-टॉप प्रकारची घ्यावी, किंवा किल्टचा मोह संध्याकाळच्या मुक्कामापर्यंत आवरावा.

उघडी कनू मात्र किल्टला बरीच मानवते. तीत बहुतेक जण गुडघे टेकून, पार्श्वभाग आसनाच्या पुढच्या कडेला टेकवून वल्हवतात. बसताना हाताच्या पाठीने मागच्या चुण्या खाली सरळ करत टेकायचे, ही किल्ट घालणाऱ्यांची मुरलेली लकब इथे अगदी उपयोगी पडते. ती चुकली तर तासाभरात दुमडलेल्या चुण्यांचा वळ मांडीवर उमटतो. पुढचा सपाट भाग गुडघ्यांमध्ये न सोडता दोन्ही गुडघ्यांवर ताणून ठेवावा, म्हणजे तो आडव्या दांड्यात अडकत नाही. वल्हे एका बाजूकडून दुसरीकडे नेताना पात्यावरचे पाणी दांड्यावरून ओघळते आणि ठरलेल्या मांडीवरच पडते. दुपारपर्यंत तेवढाच चौकोन ओला आणि बाकी किल्ट कोरडा, असे दृश्य माझ्या कनूत नेहमीचे आहे. पावले आसनाखाली खोल घालू नका. उलटताना ती आधी बाहेर यायला हवीत, आणि मधे कापड असेल तर ती जागा आणखी अरुंद होते.

कोणता किल्ट, हा पुढचा प्रश्न. लोकरीचा मोह मला समजतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास तीस टक्के बाष्प शोषून घेऊनही हाताला ओली लागत नाही, आणि भुरभुर पावसात लोकरी किल्टसारखा पोशाख नाही. १८व्या शतकाच्या पूर्वार्धात हायलँड्समध्ये राहिलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे की डोंगरात उघड्यावर झोपायची वेळ आली तर तिथले लोक आपले लांब प्लेड (अंगाभोवती गुंडाळायचे लोकरी कापड) ओढ्यात भिजवत आणि मग स्वतःभोवती गुंडाळून घेत, कारण भिजून दाट झालेल्या कापडातून वारा आत येत नसे. हा दाखला माझे स्कॉटिश मित्र फार आवडीने देतात. मात्र ते लोक नखशिखांत गुंडाळून, जमिनीवर निपचित पडून राहत. आपण उघड्या गुडघ्यांनी वाऱ्यात बसून वल्हवणार आहोत, आणि ओल्या कापडातून जाणारा वारा अंगातली ऊब घेऊनच जातो. ओल्या लोकरीत दिवसेंदिवस राहण्याची दुसरी नोंद अधिक बोलकी आहे. पहिल्या महायुद्धात हायलँड पलटणी किल्ट घालूनच फ्लँडर्सच्या खंदकांत लढल्या. तिथे चिखलपाण्याने चुण्या जड होत, हिवाळ्यात काठ गोठून टणक होत आणि गुडघ्यांच्या मागची कातडी कापत. कनूतल्या ओल्या लोकरी किल्टने नेमकी तीच जागा लाल होते, मे महिन्यातसुद्धा. किल्ट घालून पाण्यातून चालत गेलेला सर्वांत प्रसिद्ध माणूस म्हणजे बॅगपाइपवादक बिल मिलिन. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या सोर्ड किनाऱ्यावर तो लॉर्ड लोव्हॅटच्या कमांडोंबरोबर, वडिलांनी मागच्या महायुद्धात वापरलेला किल्ट घालून पाण्यात उतरला. पण तो पायाखाली जमीन असलेल्या पाण्यातून चालत गेला, पोहत नाही. माझ्या मते किल्टची पाण्यातली मर्यादा तिथेच आहे. दर १ जानेवारीला एडिनबरोजवळ साउथ क्वीन्सफेरी इथे लोक चित्रविचित्र वेषांत फोर्थच्या खाडीत उडी घेतात, त्यांत किल्टही दिसतात; तेही काही मिनिटांत, टॉवेल हातात धरलेल्या नातलगांकडे परततात.

म्हणून पाण्यासाठी पॉलिएस्टर किंवा नायलॉनचा, गिर्यारोहकांसाठी शिवतात तसा, चार-पाच यार्डांचा आखूड किल्ट घ्यावा. पॉलिएस्टर-व्हिस्कोसचे स्वस्त किल्टही चालतात. त्यांच्यावर टार्टन, म्हणजे स्कॉटिश चौकड्यांची नक्षी, असतो, त्यामुळे आपल्या मित्रांची हौस भागेल. काठ गुडघ्याच्या वर दोन-तीन बोटे असू द्या, गुडघ्यावर टेकणारा नको. जाड सुती कापडाचे, खिशांचे आणि धातूच्या बटणांचे जे ‘युटिलिटी किल्ट’ मिळतात (अमेरिकेतील सिएटल येथे २००० साली सुरू झालेल्या एका कंपनीमुळे ते लोकप्रिय झाले), ते रस्त्यावर उत्तम दिसतात आणि पाण्यावर सगळ्यांत वाईट ठरतात. भिजलेले जाड सुती कापड ना ऊब देते ना लवकर वाळते, आणि खिसे पाण्याने भरतात ते वेगळेच.

आत काय घालावे, हा प्रश्न आपण संकोचाने विचारला आहे. संकोचाचे कारण नाही. पाण्यात पडल्यावर किल्ट वर तरंगतो आणि ‘आत काय आहे’ या जुन्या प्रश्नाचे उत्तर काठावरच्या सर्वांना आपोआप मिळते, इतकेच लक्षात ठेवावे. मेअखेरीस तीन मिलिमीटर जाडीचा, खांद्यांवर पट्टे असलेला बिनबाह्यांचा वेटसूट किंवा पाणी न शिरणारी ड्राय ट्राउझर्स, आणि त्यावर किल्ट, ही माझी शिफारस आहे. काळे निओप्रीन किल्टखाली फारसे नजरेत भरत नाही. त्याचा आणखी एक लाभ आहे, जो प्रवासाच्या दुसऱ्या संध्याकाळी कळतो: वारा पडला की मिज नावाची बारीक चिलटे थव्यांनी येतात आणि उघड्या पोटऱ्या फोडून काढतात, तर काठावरच्या नेच्यांच्या झुडपांत गोचीड असतात आणि त्यांच्यामुळे लाइम आजार होऊ शकतो. पाय झाकलेले असले तरी मुक्कामी पोहोचल्यावर गुडघ्यामागे आणि जांघेत एकदा नीट पाहावे. पायांत लोकरी लांब मोजे नकोत, निओप्रीनचे बूट हवेत. स्पोरान, म्हणजे पुढे लटकणारी चामडी पिशवी, तिच्या साखळीसह पिशवीत जाऊ द्या. किल्टच्या कडेची पिनही. मोज्यात खोवायची छोटी सुरी, स्किअन डू, राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून बाळगण्यास स्कॉटलंडचा कायदा मुभा देतो, पण गुडघे टेकून बसल्यावर ती मोज्यातून निसटते आणि दोर कापायलाही तिचा उपयोग नाही. त्यासाठी बॉयन्सी एडवर बोथट टोकाची बचाव-सुरी लावा. बॉयन्सी एड आखूड घ्या, कारण किल्टची कंबर बेंबीपर्यंत येते आणि लांब जॅकेट त्याच्या जाड पट्ट्यावर बसून हनुवटीकडे सरकते.

मार्गाच्या दृष्टीने विचार केला, तर ग्रेट ग्लेन किल्टसाठी वाटते त्याहून सोयीचा आहे. थॉमस टेलफर्डने बांधलेला आणि १८२२ मध्ये खुला झालेला कॅलेडोनियन कालवा सुमारे ९७ किलोमीटर लांब आहे. त्यांतील साधारण ३५ किलोमीटर खोदलेला कालवा आहे आणि बाकीचे अंतर लॉखांमधून जाते. वाटेत २९ जलपाश (पाण्याची पातळी बदलून होड्या वर-खाली नेणारे दरवाज्यांचे कप्पे) आहेत आणि कनू-कयाकना त्यांतून जाऊ देत नाहीत. होडी बाहेर काढून, चाकांच्या गाड्यावर घालून काठाने न्यावी लागते. बानावी येथे ओळीने आठ जलपाश आहेत, म्हणून बहुतेक जण त्यांच्या वरूनच सुरुवात करतात, तर फोर्ट ऑगस्टस येथे ओळीने पाच आहेत आणि ते टाळता येत नाहीत. या ओढाताणीत किल्टसारखा सोयीचा कपडा नाही: पाय मोकळे, घाम कमी, आणि बघ्यांचे कौतुक फुकट. बानावी ते गेअरलोखी आणि लॉख ऑइख ते फोर्ट ऑगस्टस या कालव्याच्या टप्प्यांत तो घालून खुशाल वल्हवा. लॉख लोखीवर वारा पाहून ठरवा. लॉख नेस सुमारे ३७ किलोमीटर लांब, २३० मीटरपर्यंत खोल आणि वाऱ्याच्या दिशेला सरळ आहे. नैर्ऋत्येचा वारा सुटला की तिथे समुद्रासारख्या लाटा उठतात आणि अनेक ठिकाणी काठ इतका उभा असतो की होडी लावायला जागा सापडत नाही. त्या टप्प्यावर किल्ट वॉटरप्रूफ पिशवीतच ठेवा, मित्र कितीही चिडवोत. मी स्वतः गट नेतो तेव्हा फोर्ट ऑगस्टसच्या धक्क्यावर सर्वांचे किल्ट उतरवून घेतो आणि लॉख नेस ओलांडून डोखगॅरोख आल्यावर परत देतो. निघण्याआधी एकदा, गुडघाभर-कंबरभर पाण्यात, याच किल्टसह मुद्दाम होडी उलटवून पुन्हा आत चढण्याचा सराव करा. ज्याला ते दोन प्रयत्नांत जमत नाही, त्याने पहिल्या दिवसापासून साधी पँट घालावी.

राहिला आपला लग्नातला किल्ट. तो कारने इन्व्हरनेसला पुढे पाठवता आला तर शेवटच्या छायाचित्रासाठी घालायला हरकत नाही. तो भाड्याने घेतलेला असता तर मी तेवढ्यालाही नाही म्हटले असते, कारण अनामतीचे पैसे परत मिळणार नाहीत. चुकून भिजलाच, तर पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून पाणी टिपा. समुद्राचे खारे पाणी लागले असेल तर आधी गार गोड्या पाण्यात दोन-तीनदा बुडवून मीठ काढा, नाहीतर चामडी पट्टे कडक होऊन तडकतात आणि बक्कलचा गंज कापडावर उतरतो. धुवायचाच असेल तर चुण्या आधी पांढऱ्या दोऱ्याने कच्च्या टाक्यांनी धरून घ्याव्यात, लोकरीसाठीचा सौम्य साबण आणि गारच पाणी वापरावे, चोळू नये. ऊब आणि घर्षण यांनी लोकर आटते, आणि कंबरेच्या आतले कॅनव्हास वेगळ्या प्रमाणात आटल्यामुळे पट्टा सुरकुततो, जो नंतर कोणत्याही इस्त्रीने सरळ होत नाही. ओला किल्ट हँगरला टांगला तर स्वतःच्या भाराने लांबतो, म्हणून आधी सपाट पसरून अर्धवट वाळवावा आणि मग कंबरपट्ट्याला चिमटे लावून टांगावा. हीटरपासून दूर, वाऱ्याच्या जागी, दोन-तीन दिवस लागतात. पूर्ण वाळण्याआधी, किंचित दमट असतानाच, वर ओला सुती कपडा ठेवून प्रत्येक चुणी एकेक दाबून इस्त्री करावी आणि कच्चे टाके सर्वांत शेवटी काढावेत.